रात्रीचं रडं आणि उठणारी माणसं

चाळीत मूल रडलं की ते कुणाचं, हे पहिल्याच हुंदक्याला कळायचं. प्रत्येक बिऱ्हाडातल्या पोराचा सूर वेगळा. जिन्याजवळच्या खोलीतलं घोगऱ्या आवाजाचं, त्याच्या पलीकडचं किनऱ्या, आणि मोरीला लागून असलेल्या खोलीतलं आधी बराच वेळ कुरकुरून मग एकदम टिपेला जाणारं. गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन खोल्यांच्या मधे भिंत म्हणून लाकडी फळ्या होत्या. त्यांच्या फटींतून शेजारचा उजेड यायचा, मग रडं कसं अडणार? सकाळी नळावर पहिली चौकशी ठरलेली : "काल रात्री काय झालं गं बाळ्याला?" विचारणारीच्या आवाजात तक्रार नसायची. म्हणजे, फारशी नसायची.

आता मी मुलाकडे पुण्यात असते, चौदाव्या मजल्यावर. शेजारच्या फ्लॅटमध्ये तान्हं मूल आहे, हे मला लिफ्टमध्ये बाबागाडी दिसली तेव्हा कळलं. आमची नात दोन वर्षांची व्हायची आहे. रात्री मधेच उठते आणि घर डोक्यावर घेते. सरकत्या काचा लावलेल्या, एसी चालू, दार बंद. घराबाहेर तिचा आवाज जात नाही. शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही ही मोठी सोय. पण शेजाऱ्यांना काही कळतच नाही, हेही तितकंच खरं.

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर असतं. पण आठवायला बसलं की लक्षात येतं, पोरं आमच्या वेळीही अशीच उठत होती. साठ वर्षांत रडण्याभोवतीचं सगळं बदललं, आणि ते सगळंच काही वाईट बदललं नाही.

आधी कारणंच बघा. त्या वेळी रात्री उठण्याचं पहिलं कारण ओलं दुपटं. डायपर नव्हते, जुन्या धोतरांचे आणि लुगड्यांचे लंगोट, त्याखाली गोधडीचा तुकडा, त्याखाली रबराचं कापड. पोर ओलं झालं की रडणार, आईने उठून कोरडं बदलायचं, आणि तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. पावसाळ्यात तर कोरडं आणायचं कुठून, हाच प्रश्न. मग कोळशाच्या शेगडीवर बुरुडाने विणलेली टोपली पालथी घालायची आणि त्या टोपलीवर लंगोट पसरायचे. जरा दुर्लक्ष झालं की कडा तांबूस व्हायच्या. त्या लंगोटांना धुराचा, जळक्या सुताचा आणि डेटॉलचा एक मिश्र वास यायचा. माझ्या धाकट्या भावाला तोच वास येत असे आणि आमच्या खोलीलाही. आजच्या डायपरमधलं मूल ओलं झालं तरी त्याला कोरडं वाटतं आणि ते सकाळपर्यंत झोपू शकतं. या एका वस्तूने बायकांच्या किती रात्री वाचवल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही. जुन्या आठवणींत रमणाऱ्यांनी तो आधी मांडावा.

दुसरं कारण ढेकूण. चाळीच्या आठवणी लिहिणारे गणपती, दिवाळी, कॅरम आणि गॅलरीतल्या गप्पा लिहितात, ढेकणांना वगळतात. मध्यरात्री पोर किंचाळून उठलं की दिवा लावायचा, आई गादीची शिवण उसवल्यासारखी उलटी करून बघायची, बाबा खाटेचे सांधे तपासायचे. सापडलेला ढेकूण चिरडला की त्याचा तो उग्र वास. रविवारी खाट गॅलरीत काढून टिक-ट्वेंटी मारायचं. डास होतेच. मच्छरदाणी असली तरी तिला एक तरी भोक असायचं आणि डासाला ते बरोबर सापडायचं.

एवढं असूनही पोरं पुन्हा झोपायची, ती झोळीमुळे. आईचं मऊ पडलेलं नऊवारी दुहेरी करून छताच्या कडीला बांधायचं, तोंड उघडं राहावं म्हणून आडवी काठी घालायची. झोळीत घातलेलं मूल सगळ्या बाजूंनी आवळलेलं असतं, डोळ्यांपुढे फक्त कापड. झोळीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक आईच्या पायाच्या अंगठ्याला. पोर चुळबुळलं की आई झोपेतच पाय हलवायची. डोळे मिटलेले, श्वास संथ आणि पाय मात्र तालात चालू. हे मी समोर झोपून पाहिलेलं आहे. कधी झोका थांबला की झोळीतून "अं" असा इशारा यायचा आणि पाय पुन्हा चालू लागायचा.

आज आमच्या नातीच्या खोलीला फॉल्स सीलिंग आहे. त्यात कडी नाही, आणि असती तरी तिच्यावर कुणी भरवसा ठेवला नसता. नातीला तान्हेपणी विजेवर हलणारा पाळणा होता. त्याला वेग कमी-जास्त करायचं बटण आणि पावसाचा, समुद्राचा, पंख्याचा आवाज काढायची सोय. चाळीत हे आवाज फुकट होते. रात्रपाळीहून परतणाऱ्यांच्या चपला, चर्नी रोडहून येणारी पहाटेची लोकल, पिंप भरताना नळाचा होणारा आवाज. त्यात पोरं झोपत. आता आधी खोली शांत करायची आणि मग तिच्यात यंत्रातून आवाज सोडायचा, याची मला गंमत वाटते. पण उपयोग होतो, हेही मी पाहते.

झोळीने भागलं नाही तर औषधांकडे वळायचं. आमच्या घरी बाळगुटीची सहाण वेगळी होती, चंदन उगाळायची नव्हे. वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, बदाम, खारीक, प्रत्येकाचे किती वळसे द्यायचे ते आजीच्या बोटांना पाठ. पोट फुगलं असेल तर वेखंडाचा एक वळसा जास्त, झोप येत नसेल तर जायफळाचा. जायफळाचा जास्त झाला तर पोर सुस्तावतं, म्हणून ती उगाळणी आजी दुसऱ्या कुणाला करू देत नसे. रात्री उठलेल्या मुलाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग त्याचं पोट शेकायचं. गालाला लावून बघण्याची ती सवय सगळ्या घरांत सारखी होती.

त्यानंतर ग्राइप वॉटर. आपल्या आज्यांना ते देशी वाटायचं. पण ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने बनवलेलं. शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी, आणि मूळ कृतीत मद्यार्कही. पोरं शांत कशाने होत असतील याचा अंदाज त्यावरून करता येतो. मद्यार्क पुढे काढून टाकला गेला, बाटली मात्र घराघरांत राहिली. आजचे बालरोगतज्ज्ञ ग्राइप वॉटरही नको म्हणतात आणि बाळगुटीही नको म्हणतात. सहाणेवर किती उगाळलं गेलं, त्यातली मुळी शुद्ध होती का, पाणी उकळलेलं होतं का, हे कुणालाच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजी असती तर तिने ते ऐकून घेतलं असतं आणि रात्री गुपचूप सहाण काढली असती.

पण औषधांच्या या आठवणीला एक काळी कड आहे. आमच्या चाळीपासून फार लांब नसलेल्या गिरणगावात, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पोरं रात्री आणि दिवसाही न रडता झोपत, ती अफूवर. बाळागोळी म्हणत तिला. आई गिरणीत जाणार, पोर खोलीवर म्हातारीजवळ नाहीतर थोरल्या बहिणीजवळ, तिलाही दहा कामं. मग सकाळी एक गोळी. रात्री एक, कारण आईला पहाटे पुन्हा भोंग्याला पोहोचायचं. १९२० च्या दशकात मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी जवळजवळ घरोघर आढळली. १९३१ साली आलेल्या रॉयल कमिशनच्या कामगारविषयक अहवालानेही तिची दखल घेतली आणि गिरण्यांमध्ये पाळणाघरं हवीत असं सांगितलं. त्या बायका निर्दयी नव्हत्या. पोर रात्रभर रडलं तर उद्याची हजेरी जाते, हे त्यांना ठाऊक होतं. "पूर्वी मुलं कशी शहाण्यासारखी झोपायची" असं कुणी म्हणालं की मला ती गोळी आठवते.

औषधाने उतार पडला नाही की मग नजर. याचा अधिकार आमच्या चाळीत कोपऱ्यावरच्या काकूंकडे होता. रात्री कितीही वाजलेले असोत, काकू पदर खोचून यायच्या. मूठभर मीठ, मोहरी आणि देठासकट लाल मिरच्या पोरावरून ओवाळायच्या, तोंडाने आल्या-गेल्याची, भुता-खेताची नावं पुटपुटायची आणि सगळं शेगडीत टाकायचं. मिरच्यांचा खाट उठला तर साधी बाब, आणि नाही उठला तर नजर जबर. मग पोराच्या कपाळाला अंगारा लागायचा. थोड्या वेळाने पोर शांत होऊन झोपी जायचं आणि काकू सगळ्यांकडे एकदा बघून आपल्या खोलीत परतायच्या.

काकूंच्या या यशाचं गुपित मला नातीमुळे समजलं. ती एकदा झोपल्यावर दीड-दोन तासांनी ताडकन उठून बसली. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेलं, किंकाळ्यांवर किंकाळ्या. सून तिला जवळ घ्यायला गेली तर तिने आईलाच दोन्ही हातांनी ढकललं. डोळे आईकडे होते, पण नजर आईवर नव्हती. माझ्या आईने तिथल्या तिथे "हिला काहीतरी दिसलं" असं म्हटलं असतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. मुलाने तिला फक्त पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, दिवा मंद केला आणि तो शेजारी बसून राहिला. थोड्या वेळात ती आपली आपण आडवी झाली आणि गाढ झोपली. सकाळी हसत उठली. तिला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरात, अगदी गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो : शरीर घाबरतं, ओरडतं, पण मूल झोपेतच असतं. म्हणून ते ओळखत नाही आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. अशा वेळी गदागदा हलवून जागं केलं तर ते जास्त बावरतं. बहुतेक वेळा काही मिनिटांत सगळं आपोआप ओसरतं. म्हणजे काकूंनी मीठ-मोहरी ओवाळली, मिरच्या जाळल्या, अंगारा लावला, तोवर तेवढी मिनिटं होऊन जात. काहीच केलं नसतं तरी पोर झोपलंच असतं. पण काकूंनी एक गोष्ट केली होती जी पुस्तकात सांगितलेली नाही : तेवढी मिनिटं पोराच्या आईला एकटं बसू दिलं नव्हतं, आणि घाबरलेल्या घराला काहीतरी काम दिलं होतं.

दुःस्वप्न याहून वेगळं. ते पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत पडतं; मूल खरोखर जागं होतं, घाबरलेलं असतं, आईला बिलगतं, बोलता येत असेल तर "भूभू आला" असं सांगतं. त्याला जवळ घेतलं की ते शांत होतं. पूर्वी आम्ही दोन्हींना एकच औषध द्यायचो आणि दिवसा मात्र त्याच पोरांना बागुलबुवाची भीती घालून जेवू घालायचो. संध्याकाळी घातलेला बागुलबुवा रात्री अंथरुणात यायचा, तेव्हा पुन्हा मीठ-मोहरी. नातीच्या घरात बागुलबुवाला बंदी आहे, आणि ही बंदी मला मनापासून पटते.

मुळात मूल रात्री का उठतं, याचंही उत्तर आता मिळालं आहे. झोप सलग नसते. तिची चक्रं असतात. मोठ्यांचं चक्र साधारण दीड तासाचं, लहानग्यांचं तासाभराचं. प्रत्येक चक्राच्या शेवटी आपण सगळेच क्षणभर जागे होतो, कूस बदलतो, उशी सारखी करतो आणि पुन्हा झोपतो. लहान मूल जागं होऊन बघतं ते एवढंच, की झोपताना जे होतं ते अजून जागेवर आहे का. मांडीवर झोपलं आणि गादीवर जाग आली तर ते ओरडणारच. आठव्या महिन्यापासून पुढे वर्ष-दीड वर्ष तर आई नजरेआड झाली की तिचा शोध घेण्याचाच काळ असतो. चाळीत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत एका ओळीत गाद्या घातलेल्या, पोराने अंधारात हात टाकला की कुणाचा तरी हात, दंड, वेणी लागायचीच. आईची नाही तर आत्याची.

आता या आठव्या महिन्याची गाठ नोकरीशी पडते. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवडे दिली होती. २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. पुढे आम्ही डोंबिवलीत राहत होतो, त्या दिवसांत बारा आठवडे संपले की लोकल पकडायची, त्या मानाने ही रजा पुष्कळ. तरी आई कामावर परतते आणि काही आठवड्यांतच मुलाला आईचं दूर जाणं कळू लागतं. दिवसभर पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या ताईंजवळ शहाण्यासारखं राहिलेलं मूल रात्री दोनला उठून आईच्या गळ्यात पडतं आणि सोडत नाही. याला हट्ट म्हणू नये. दिवसभर साठलेलं सांगायला त्याला तेवढाच वेळ मिळतो.

झोपायच्या वेळेतही केवढा फरक पडला. आम्ही लहानपणी आठ-साडेआठला जेवून आडवे, कारण मोठ्यांना पहाटे नळाला उठायचं. आता मुलगा कामावरून घरी येतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. बाप दिवसातून तेवढाच भेटतो, त्यामुळे खेळ साडेनऊला रंगात येतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सतरा देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांखालच्या एकोणतीस हजारांहून अधिक मुलांच्या झोपेची तुलना होती. भारतासकट आशियातली मुलं उशिरा झोपतात, कमी झोपतात आणि बहुतेक करून आईबापांच्याच खोलीत झोपतात, असं त्यात दिसलं. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून अकरा ते चौदा तास झोप हवी. ती मिळाली नाही की मूल दमून गाढ झोपेल असा आपला समज. प्रत्यक्षात अति दमलेलंच मूल रात्री जास्त वेळा उठतं. त्यात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच असं सांगितलं आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं आहे. आमच्या घरी तो नियम पाळला जातो, एक आजोबा सोडले तर.

वेगळं झोपवावं की जवळ, यावर मात्र दोन्ही काळ सारखेच हटवादी. अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली आईबापांना मुलांचे लाड न करण्याचा, त्यांना मिठ्या-पापे न देण्याचा सल्ला पुस्तकातून दिला होता. १९८५ साली बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी मुलाला आपलं आपण झोपायला शिकवण्याची पद्धत मांडली : रडलं तरी लगेच जायचं नाही, थोडं थांबून जायचं, धीर द्यायचा, उचलायचं नाही, आणि थांबण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने हे केलं, आठवड्याभरात तिचा मुलगा रात्रभर झोपू लागला आणि माझ्या बहिणीने मात्र तो आठवडा पलीकडच्या खोलीत रडून काढला. दुसरीकडे आमच्या नात्यातली पोरं सातव्या वर्षापर्यंत आजीच्या पांघरुणात होती आणि त्यांचंही काही बिघडलं नाही. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या गादीवर, जाड पांघरुणात आणि उशांत घेऊन झोपणं धोक्याचं, हे डॉक्टरांचं सांगणं ऐकायलाच हवं. वर्ष उलटून गेल्यावर मात्र घरातल्या सगळ्यांना जे झेपेल ते करावं. फर्बर यांनीही पुढच्या आवृत्तीत जवळ झोपवण्याबद्दलचा आपला कडकपणा सैल केला.

नातीची रात्रीची जाग आम्ही कशी निभावतो, तेही सांगते. आवाज आला की लगेच उचलायचं नाही. थोडं थांबायचं, कारण पुष्कळदा ती कुरकुरून आपली आपण झोपते. नाही झोपली तर मोठा दिवा न लावता जायचं, पाठीवर हात ठेवायचा, दर वेळी तेच दोन शब्द बोलायचे. मग नाक चोंदलंय का, अंग गरम आहे का, दाढ येतेय का, कानाला हात लावते का ते बघायचं. कान ठणकत असेल तर आडवं झाल्यावर जास्त दुखतं, म्हणून दिवसा खेळणारं मूल रात्री रडतं. आम्ही अशा वेळी लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायचो. ते आता कुणी करू नये. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर डॉक्टरांना सांगावं. आणि पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळत असेल, पांढरंफटक पडत असेल, उलट्या होत असतील, शौचातून लालसर चिकट पडत असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. पूर्वी त्याला "पोट धरलं" म्हणत आणि एरंडेल पाजत.

आज्या एवढ्या धास्तावलेल्या का असत, तेही इथेच समजतं. १९५१ च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे १४६ मुलं पहिला वाढदिवस बघत नसत. २०२० साली हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. माझ्या आजीची तीन मुलं गेली होती. ती त्यांची नावं घेत नसे. तिच्या लेखी रात्रीचं रडं म्हणजे झोपेचा प्रश्न नव्हता. तिला सटवाईही आठवे, देवीही आठवे आणि गावी सोडून आलेलं देवस्थानही. आज लसी आहेत, प्रतिजैविकं आहेत, मध्यरात्री उघडी असलेली रुग्णालयं आहेत. म्हणून तर रात्रीच्या रडण्याकडे झोपेची सवय म्हणून बघायची चैन आपल्याला परवडते.

मग त्या काळातलं हरवलं काय? माझ्या मते, उठणारी माणसं हरवली. पण इथेही आठवणीला थोडं तासून बघायला हवं. चाळीत उठणारी माणसं पुष्कळ होती, हे खरं. मात्र त्यात बापे फार नव्हते. पोर रडलं की बाबा कूस बदलत आणि "अगं, बघ त्याला" म्हणत. आजोबा खाकरत. तेवढ्या खाकरण्याने आई पोराला घेऊन गॅलरीत जाई, आतल्यांची झोप मोडू नये म्हणून. रात्री दोनला गॅलरीच्या कठड्याला टेकून पोराला थोपटणाऱ्या बायका आमच्या चाळीत कधीही दिसत. दोघी-तिघी एकदम आल्या तर हलक्या आवाजात गप्पा होत, एकीचं पोर दुसरीच्या खांद्यावर जाई. देवांचे पाळणे त्यांना तोंडपाठ होते, रामाचा, कृष्णाचा, शिवाजी महाराजांचा. नंतर सिनेमातली अंगाईही त्यात मिसळली. १९७७ साली 'बाळा गाऊ कशी अंगाई' आला आणि सुमन कल्याणपूर यांच्या आवाजाने ती घराघरांत पोहोचवली. सकाळी सहाला त्याच बायका पुन्हा नळावर, आणि सासूबाई विचारत, "डोळे का गं लाल?"

माझ्या सुनेचेही डोळे लाल असतात. तिला कुणी खाकरून गॅलरीत पाठवत नाही. तिचा नवरा तिच्या बरोबरीने उठतो, डायपर बदलतो, पाणी पाजतो, तापाचं औषध मिलिलिटरमध्ये मोजतो. हे दृश्य पाहून माझी सासू काय म्हणाली असती, ते इथे न लिहिलेलं बरं. पण दोघंच दोघं. तो थकला की ती, ती थकली की तो, आणि दोघंही थकले की मोबाइल. रात्री तीनला ती मोबाइलवर शोधते की एवढ्या वयाचं मूल का उठतं, आणि तिथे तिला साधी सर्दीही सापडते आणि दुर्मिळ आजारही. कोपऱ्यावरच्या काकू निदान एकाच आजाराचं नाव घ्यायच्या.

पूर्वीचं काही परत आणायचं असेल तर झोळीची कडी, सहाण, मिरच्या हे नको. आणायची तर तिसऱ्या, चौथ्या माणसाची पाळी आणावी. आजी-आजोबा त्याच शहरात असतील तर आठवड्यातली एक रात्र त्यांनी घ्यावी. सोसायटीत एकाच वयाची मुलं असलेल्या तीन-चार आयांनी निदान सकाळी एकमेकींना "काल कशी गेली रात्र?" हा नळावरचा प्रश्न विचारावा, व्हॉट्सॲपवर विचारला तरी चालेल. आणि विचारणाऱ्या सासूने त्यापुढे सल्ला जोडू नये.

आमच्या फ्रिजवर हल्ली सुनेने कागद लावला आहे. सोमवार ते शुक्रवार ती आणि मुलगा आलटून पालटून, रविवारी दोघं मिळून. शनिवारची रात्र "आजी-आजोबा" अशी लिहिलेली. पहिल्या शनिवारी नात उठली तेव्हा ह्यांनी सवयीने कूस बदलली आणि "अगं, बघ तिला" असं म्हणाले. मी कागदावर कुणाकुणाची नावं आहेत ते मोठ्याने वाचून दाखवलं. आता डायपरची पुढची बाजू कोणती, ते ह्यांना कळू लागलंय.